जुना मिररलेस कॅमेरा, आठ महिने आणि किल्ल्यावरचा लाल दिवा

"किल्ल्यावर तो लाल दिवा कधी लावला रे?" आत्यानं विचारलं. ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून मे महिन्यात काढलेला फोटो, चार मिनिटांचं एक्स्पोजर, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं. दिवा कसला! पुढच्या फोटोत कॅमेरा वळवला होता, तर तोच दिवा, चौकटीत त्याच जागी, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर.

हॉट पिक्सेल. कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवरचा, म्हणजे सेन्सरवरचा, असा एक बिंदू जो प्रकाश नसतानाही उजळतो.

नोव्हेंबरात हा १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुना घेतला, तेव्हा लेन्सला टोपी लावून एक फोटो काढून बघितला होता. काळाकुट्ट आला. पण तो एका सेकंदाचा, तोही थंडीत, तिथंच फसलो. डिसेंबरात तानसेन समारोहाचे ढीगभर फोटो काढले, एक ठिपका नाही. सेकंदाच्याही आत काढलेल्या फोटोत असा पिक्सेल उजळतच नाही. विकणाऱ्याला मेमध्ये फोन केला तर म्हणाला, "भैया, गर्मी में तो आदमी भी तपता है." चिडलो, पण मुद्दा बरोबर होता.

अंधारातही सेन्सरमध्ये थोडा विद्युतप्रवाह गळत असतो आणि दर ६ ते ८ अंशांना तो साधारण दुप्पट होतो. आमची जानेवारीतली ७ अंशांची रात्र आणि मेमधली ३१ अंशांची, यांत आठ ते सोळा पटींचा फरक पडला. काही पिक्सेल मुळातच जास्त गळके. त्यांच्यावर ज्या रंगाचा फिल्टर असेल तसा ठिपका लाल, हिरवा किंवा निळा.

मेनूत पिक्सेल मॅपिंग आहे: कॅमेरा स्वतःच असे पिक्सेल शोधतो आणि शेजारच्यांवरून झाकतो. मी मोजलेले ठिपके ४३. सकाळी कूलरसमोर मॅपिंग केलं, २९ उरले. मग रात्री गच्चीवर तासभर फोटो काढून, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं मिनिटभर थांबून केलं, तेव्हा उरले ६. कॅमेरा तापलेला असतानाच करा, हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन हा मेनूतला पर्याय एकट्यादुकट्या फोटोला उत्तम: तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेऊन वजा करतो. लागोपाठचे फोटो जोडून काढलेल्या ताऱ्यांच्या रेषांना मात्र निरुपयोगी, तो काळा फोटो घेईपर्यंत मध्ये फटी पडतात. तिथं तो बंद ठेवतो आणि शेवटी टोपी लावून त्याच आयएसओवर (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा), तेवढ्याच सेकंदांचे दहा फोटो काढतो, वजाबाकी कॉम्प्युटरवर. हे लगेच, गच्चीवरच उरकायचं, खोलीत येऊन नाही, कारण सेन्सरचं तापमान तेच हवं.

एकदा टोपी टाकीमागे पडली. स्टीलची वाटी पालथी घालून वर आईची काळी शाल गुंडाळली. चाललं.