'पॅलेस आज बंद आहे' : बँकॉकमध्ये गेलेले माझे ३८,४०० बाथ

सहा महिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. भिशीतल्या बायकांनाही नाही. पण परवा आमच्या गल्लीतलं एक कुटुंब बँकॉकची तिकिटं काढून आलं, चार दिवस, नवराबायको आणि सासूबाई, आणि मला राहवेना. लाज वाटते, पण लिहिते.

मी बावीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर आहे. खोटी नोट बोटांना लागताच मला कळते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. 'असे लोक फसतातच कसे' असं मीही म्हणत आले आहे, आणि तुमच्यातलेही बरेच जण आत्ता तेच म्हणत असतील, म्हणून सांगते.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं गेलो. व्हिसा लागत नव्हता. टूर कंपनी नको, आपणच करू असं मीच म्हटलं. दोन महिने वही भरत होते. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत रेल्वे, ४५ बाथ. टॅक्सीत बसण्याआधी 'मीटर' म्हणायचं, मीटर ३५ बाथपासून सुरू होतं. शाकाहारी जेवणासाठी 'जे' हा शब्द आणि त्याची पिवळी-लाल पाटी. वाट फोमध्ये ('वाट' म्हणजे तिकडे देऊळ) पहुडलेला ४६ मीटर लांबीचा बुद्ध. था तिएनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. आणि पहिल्याच पानावर, लाल शाईत : ग्रँड पॅलेस, रोज सकाळी ८:३० ते ३:३०, तिकीट ५०० बाथ, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

'रोज' या शब्दाखाली मी स्वतः दोन रेघा मारल्या होत्या. ती वही त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सनम चाई स्टेशनवर उतरलो तेव्हा सव्वानऊ झाले असतील. वाट फोच्या बाजूने पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीशी पोहोचलो. भिंत संपता संपत नाही. एक दार दिसलं, ते बंद. पुढे दुसरं, तेही बंद, बाहेर पहारेकरी. तिथे तो भेटला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री. 'नमस्ते' म्हणाला. शाळेत शिकवतो म्हणाला. मग म्हणाला, काल माखा बुचा हा बौद्धांचा सण होता, त्यामुळे आज सकाळी आत भिक्खूंची पूजा आहे, पर्यटकांना दुपारी एकनंतर सोडतील.

माखा बुचा खरंच आदल्या दिवशी होता. १२ तारखेला माघी पौर्णिमा, हे मी निघताना कालनिर्णयात बघितलेलं. आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्यानेही आज दारू मिळत नाही, सण आहे, असं सांगितलं होतं. समोरचं दार खरंच बंद होतं. तीन गोष्टी खऱ्या असल्या की चौथी खोटी असेल असं कुणाला वाटतं? पर्यटकांचं दार उत्तरेला ना फ्रा लान रस्त्यावर आहे आणि या बाजूची दारं एरवीही आपल्यासाठी उघडत नाहीत, हे माझ्या वहीत नव्हतं. तुम्ही लिहून घ्या. कुणी काहीही सांगो, त्या दारापर्यंत स्वतःच्या पायाने चालत जा.

आता जे सांगते ते मला रात्री झोपू देत नाही. तो बोलत असतानाच त्याच्या मागून एक चिनी टूर निघाली होती. पुढे झेंडा धरलेली मुलगी, मागे तीस-चाळीस माणसं, सगळी उत्तरेच्या दिशेने. मी विचारलंही, हे कुठे चाललेत? त्यांचं आधीपासून खास बुकिंग आहे, म्हणाला. मी पर्स उघडली, वही काढली, पान उघडलं. 'रोज'. दोन रेघा. आणि माझं स्वतःचं अक्षर डोळ्यांसमोर असताना मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघून वही बंद केली. बंद केली! ह्यांनी विचारलं, "काय गं, काय लिहिलंय?" मी म्हटलं, "सणाचं वेगळं असेल." काउंटरवर मॅनेजर 'असू द्या हो, घ्या' म्हणाला तरी मी सही जुळल्याशिवाय पैसे देत नाही. तिथे एका अनोळखी माणसाच्या शर्टाच्या इस्त्रीवर विश्वास ठेवला.

त्याने आमच्याच नकाशावर पेनने खुणा केल्या. उभा बुद्ध, लकी बुद्धाचं छोटं देऊळ, आणि 'सरकारी' रत्नकेंद्र, तिथे आज सवलतीचा शेवटचा दिवस. टुकटुक त्यानेच थांबवली. तीन ठिकाणं, दोन तास, ४० बाथ. म्हणजे १०३ रुपये. आमच्या गावात रिक्षावाला स्टँडपासून घरापर्यंत साठ रुपये घेतो. हा हिशोब मला तिथेच करता आला असता, आयुष्यभर दुसरं काय केलंय! कुणी तुम्हाला चाळीस बाथमध्ये गाव दाखवतो म्हणाला, तर तुमचं भाडं दुसरं कुणीतरी भरतंय एवढं समजा आणि उतरा.

उभा बुद्ध खरा होता, वाट इंथारविहानमधला, ३२ मीटर उंच, सोनेरी. बघून हात जोडले. दुसरं देऊळ अगदी रिकामं. तिथे पायरीवर एक तरुण बसला होता, चांगले बूट, पेहराव ऑफिसला जाणाऱ्याचा. त्याने आम्हाला कुठे जा असं म्हटलंच नाही. ह्यांनी सहज विचारलं, तर म्हणाला, दरवर्षी बहिणीसाठी एक खडा घेतो, आज करमाफीचा शेवटचा दिवस म्हणून आलो, आता घरी निघालोय. दुकान तेच, नाव तेच. दोन अनोळखी माणसं, दोन वेगळ्या ठिकाणी, एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली. खरं तर तिथेच ती दुप्पट व्हायला हवी होती. तो तिथे आमचीच वाट बघत बसला होता.

दुकानाचं सगळं सांगत नाही, तुम्हाला माहीत असतं. थंडगार एसी, सरबत, काचेपलीकडे सहाणेवर खडे घासणारे कारागीर, पाटीवर 'गव्हर्नमेंट' शब्द. थायलंडमध्ये सरकार पर्यटकांना सवलतीत रत्नं विकत नाही. हे एक वाक्य पाठ करून जा.

मी हावरट नाही, हे मात्र सांगू द्या. मुंबईला नेऊन दुप्पट भावाने विका, असं विक्रेता म्हणाला, तेव्हा मी मान हलवली. मला विकायचं नव्हतं. लेकीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. आमची बारा जणींची दहा-दहा हजारांची भिशी आहे, जानेवारीत माझा नंबर लागला होता, १,२०,००० रुपये लेकीच्या दागिन्यासाठीच बाजूला ठेवले होते. इकडे सराफाकडे नीलमाचा भाव विचारून आले होते, परवडत नव्हता. तिथे १८ कॅरट सोन्यात बसवलेली नीलमाची अंगठी आणि पाच सुटे माणिक, मिळून ५२,००० बाथ सांगितले आणि ३८,४०० वर आणले. मीच घासाघीस केली. केवढं समाधान वाटलं होतं मला त्या घासाघिशीचं!

ह्यांचं क्रेडिट कार्ड, पिन मी दाबला. ३८,४०० बाथचे ९९,०७२ रुपये, वर परकीय चलनाचा आकार ३,४६७.५२, त्यावर जीएसटी ६२४.१५. एकूण १,०३,१६३ रुपये ६७ पैसे.

आणखी एक कबुली द्यायची आहे. त्यांनी बिल ९,००० बाथचं दिलं. 'कस्टमला त्रास नको, तुमच्याच सोयीसाठी.' मी ते घेतलं. चूक होती आणि ती माझी होती, त्यावर सारवासारव करत नाही. पण त्या माणसांना पक्कं ठाऊक असतं की या कागदाने आपण घरी गेल्यावर तक्रार करण्याचा आपला हात आपणच बांधून घेतो. कमी रकमेचं बिल पुढे केलं की वस्तू काउंटरवर ठेवून उठा.

पावणेएकला टुकटुकवाल्याने पॅलेसच्या खऱ्या दाराशी सोडलं. ही रांग. बाहेर येणारे हजारो लोक, सकाळपासून आत असलेले. आणि तिथेच पाटी, अनोळखी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, अशा अर्थाची. ती मी अंगठी पर्समध्ये घेऊन वाचली. तिकीट खिडकीवर वेळ लिहिलेली, ८:३०. तिथेच मला कळलं. आतला पाचूचा बुद्ध मी बघितला की नाही, आठवत नाही.

आणि तरी मी गप्प बसले. ह्यांना म्हटलं, पॅलेसचं खोटं सांगितलं असेल, पण खडे खरे आहेत, सर्टिफिकेट आहे. पंचविसाव्या वाढदिवसाची सहल, ती माझ्याच मूर्खपणाने नासवायची नव्हती. आमचं परतीचं विमान १५ तारखेला रात्रीचं होतं. दोन दिवस हातात होते. तिथे पर्यटकांसाठीचे वेगळे पोलीस आहेत, ११५५ लावायचं, इंग्रजीत बोलता येतं. त्यांना सोबत घेऊन दुकानात उभं राहिलात तर काहीतरी परत मिळण्याची आशा असते. देश सोडलात की संपलं. संशय आला त्याच दिवशी, त्याच तासाला जा. लाजेपोटी ते दोन दिवस मी घालवले.

घरी आल्यावर आमच्या सराफांनी भिंग लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, किती दिले?" माणिक पाचही कारखान्यातले. आत वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे, खाणीतल्या दगडात तसं नसतं. नीलम खरा, पण दुधाळ, अगदी हलक्या प्रतीचा. सोनं म्हणजे चांदीवर मुलामा. सगळ्याचे मिळून सहा-सात हजार.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं ऐका. बँकेला २१ फेब्रुवारीला तक्रार दिली. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं : कार्ड प्रत्यक्ष वापरलंय, पिन बरोबर आहे, वस्तू मिळालेली आहे, व्यवहार वैध. मी लिहिलं, वस्तू सांगितली ती नाहीच. तर म्हणे प्रयोगशाळेचा अहवाल आणा. २,३६० रुपये भरून अहवाल आणला. मग म्हणे तुमचं बिल ९,००० बाथचं, स्लिप ३८,४०० ची, मेळ बसत नाही. तेही समजावलं, माझी चूक लिहून दिली. शेवटी उत्तर आलं की वाद नोंदवण्याची मुदत संपली. मुदत कुणी संपवली? एकोणीस दिवस कागद तुमच्या टेबलावर होता. आमच्या पतसंस्थेत खातेदाराचा अर्ज तीन दिवस पडला तर मला कारणे दाखवा नोटीस येते.

पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं. मग, "मॅडम, गुन्हा बँकॉकला घडला, आमची हद्द नाही." बरं, हद्द नसेल, पण अर्जाची पोच तरी द्या. तीही देईनात. तिथला एक जण ह्यांच्याकडे बघून हसत म्हणाला, "साहेब, बँकॉकला काय करायला गेला होता?" पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोशेजारी मान खाली घालून बसला होता. त्या हसण्याची तक्रार मी कुठे करू? लाख रुपये त्या दुकानाने नेले, पण आमची अब्रू घालवली ती आपल्याच माणसांनी. सायबर हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे ऑनलाइन गेलेले नाहीत, आमच्यात बसत नाही. तिकडच्या एका कार्यालयाला तीन ईमेल केल्या. दोनांना यंत्राचं उत्तर, तिसऱ्याला 'स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा'. दुकानाने हमीपत्रावर कायमची परतफेड लिहून दिली आहे, फक्त स्वतः हजर राहून, वीस टक्के कापून. बँकॉकला जायचं तिकीट काढा आणि मग भांडा.

जाणाऱ्यांनी एक अजून बघा. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या वेबसाइट निघाल्या आहेत. गल्लीतल्या त्या कुटुंबाने अशाच एकीवर माणशी पैसे भरायला घेतले होते, मी हातातून फोन काढून घेतला. सोन्याचा किंवा रत्नाचा दागिना तिथून घेऊच नका, कितीही ओळखीचं दुकान असो. पॅलेसला सकाळी साडेआठला पोहोचा. भिंतीशी कुणी 'नमस्ते' म्हटलं तर थांबू नका, उद्धट दिसलात तरी चालेल. सोबत म्हातारी माणसं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ती माणसं म्हाताऱ्यांशीच गोड बोलतात.

माझी वही मी त्यांना दिली आहे, पहिल्या पानावर उत्तरेच्या दाराचा रस्ता लिहून. अंगठी कपाटात आहे. लेकीला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं भिशीचे पैसे बँकेत आहेत. दर महिन्याच्या ५ तारखेला मी दहा हजार भरते. डिसेंबरपर्यंत भरायचे आहेत.