फोरव्हीलर घ्यावी की राहू द्यावी? मराठवाड्यातल्या पंचविशी-तिशीतल्यांसाठी हिशेब

२०१९ मध्ये देशभरात वाहनविक्री घसरली, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक कारण असं सांगितलं होतं की नव्या पिढीला हप्त्यात अडकण्यापेक्षा ओला-उबर नाहीतर मेट्रो बरी वाटते. त्यावर भरपूर चेष्टा झाली. गेवराईत किंवा कळमनुरीत बसून ते ऐकणाऱ्याला तर हसूच आलं असेल, कारण इथं ना मेट्रो, ना मोबाइलवर बोट ठेवलं की दारात येणारी टॅक्सी. तरी त्यातला हप्त्याचा भाग खरा होता. आज लातूर-नांदेडकडची पोरं गाडी टाळतात ती हौस मेली म्हणून नाही. हप्ता दर महिन्याला येतो आणि पैसा तसा येत नाही, म्हणून.

अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४६ जणांकडे लायसन्स होतं, २०१४ पर्यंत ते जेमतेम २५ जणांवर आलं. तिथली पोरं गाडीपासून लांब गेली, असं म्हणता येतं. आपल्याकडे गाडीजवळ पोचलेच किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर घरांपैकी साडेसात घरांतच चारचाकी होती. म्हणजे आपल्या बहुतेकांपुढचा प्रश्न ‘घरातली पहिली फोरव्हीलर’ हा आहे, आणि घरातली पहिली गाडी कधी एकट्याची नसते. तिच्यात आई-वडील असतात, लग्नाचं स्थळ असतं, भाऊबंदांच्या नजराही असतात.

समोर तीन वाटा आहेत. नवी कोरी गाडी हप्त्यावर घेणं. न घेता टू-व्हीलर, एसटी, रेल्वे आणि लागेल तेव्हा भाड्याची गाडी यांवर भागवणं. किंवा जुनी गाडी रोखीनं घेऊन गावाकडच्या घरी ठेवणं.

नवी गाडी: फिरली नाही तरी पैसे खाते

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला, आणि शोरूममध्ये पुन्हा गर्दी दिसू लागली. गाडी स्वस्त झाली हे खरं. पण हिशेब एक्स-शोरूमवर थांबत नाही. ६ लाख ८० हजारांची पेट्रोल गाडी धरू. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ७५ हजार इथंच गेले. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. दारात उभी राहीपर्यंत आकडा आठ लाखांना टेकतो.

दोन लाख डाऊन पेमेंट, सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता १२,४५५ रुपये. पाच वर्षांत व्याजच जवळपास दीड लाख जातं. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून महिन्याला अडीच हजार धरा. म्हणजे चावी फिरवायच्या आधीच महिन्याला १५ हजार, रोजचे पाचशे. वर पेट्रोल. परभणीतलं पेट्रोल राज्यात सगळ्यांत महाग असतं हे आपल्याला नवं नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर इतक्या लांब यायचा म्हणजे वाहतुकीचा खर्च दरात चढणारच. लिटरला १०५ रुपये आणि १८ चा ॲव्हरेज धरला तर किलोमीटरला पावणेसहा रुपये नुसत्या इंधनाचे.

आता हाच हप्ता शेतीच्या मापानं मोजा. वर्षाचे हप्ते होतात दीड लाख. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे माल हमीभावानं गेला तरी २८ क्विंटल सोयाबीन नुसत्या हप्त्याला. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला तर चार एकरांचं अख्खं पीक. त्यात बियाणं, खत, फवारणी, काढणी काहीच वजा केलेलं नाही. आणि हमीभावानं माल किती जणांचा जातो हे मोंढ्यात उभं राहिलेल्याला विचारा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडच्या शेतांत सोयाबीन पाण्याखाली गेलं, पण हप्त्याची तारीख बदलली नाही. शेतीच्या उत्पन्नावर मासिक हप्त्याची गाडी घेऊ नये, या मताचा मी आहे. काही बँका सहामाही हप्ता करून देतात. शेतकरी कुटुंबानं घ्यायचीच ठरवली तर तो पर्याय आधी विचारून घ्यावा.

पगारदाराचं गणित वेगळं, पण तेही वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडच्या पोराची तिशीपर्यंतची वर्षं स्पर्धा परीक्षेत किंवा वाळूज-चाकणच्या कंत्राटी नोकरीत जातात. बँक कायम नोकरीची पगाराची स्लिप मागते, आणि तेवढ्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. गंमत बघा, शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि तिथं पाळीवर जाणारा पोरगा कंपनीच्या बसनं किंवा टू-व्हीलरवर जातो. ह्याच संभाजीनगरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी २०१० मध्ये एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. संभाजीनगरच्या वाहनप्रेमाचा दाखला म्हणून ती गोष्ट आजही सांगतात. ती घाऊक खरेदीत सवलत कशी मिळवावी याची गोष्ट होती, पंधरा-वीस हजार पगारवाल्यानं तिच्यातून घेण्यासारखं काही नाही.

न घेणं: कुठं जमतं, कुठं अडतं

टू-व्हीलर बहुतेकांकडे आहेच. महिन्याला ६०० किलोमीटर फिरली तर पेट्रोल तेराशे रुपयांच्या आत. पुण्याहून गावी महिन्यातून दोनदा येणं-जाणं एसटी किंवा ट्रॅव्हल्सनं, त्याचे दोनेक हजार. एखाद्या लग्नाला, दवाखान्याला, देवाला चालकासकट भाड्याची गाडी: किलोमीटरला तेरा रुपये, दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर, वर चालकाचा भत्ता पाचशे, म्हणजे ४,४०० आणि टोल. (तेराच्या जागी तुमच्या गावचा भाव टाका.) सगळं मिळून महिना आठ हजारांच्या आसपास.

भाड्याच्या गाडीला ‘पैसे वाया गेले’ म्हणणारे घरोघर असतात, म्हणून नीट मांडतो. स्वतःची गाडी ३०० किलोमीटर फिरवली तर पेट्रोल साडेसतराशेचं. म्हणजे एका फेरीत भाड्याच्या तुलनेत २,६५० रुपये वाचतात. दुसऱ्या बाजूला, गाडी विकल्यावर काही पैसे परत येतात हेही धरलं पाहिजे. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षाच्या शेवटी गाडीची किंमत निम्मी धरतात. तसं धरून घट, व्याज, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून महिन्याला साधारण १२,६०० रुपये खरोखर जातात. भागाकार केला की उत्तर येतं पावणेपाच. अशा लांबच्या पाच-सहा फेऱ्या दर महिन्याला होत असतील तरच पैशाच्या दृष्टीनं स्वतःची गाडी परवडते. आपल्या मागच्या वर्षभराच्या फेऱ्या आठवून मोजा. बहुतेकांच्या दीड-दोनच्या वर जात नाहीत.

एक सावधगिरी. गावात ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून खासगी पासिंगची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेतात. ती दोन रुपये स्वस्त पडते, पण तिला भाडं मारायचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पिवळ्या पाटीचीच घ्या.

एसटीचं पारडं गेल्या काही वर्षांत जड झालं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्ध्यात. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तरी चार जणांचं घर, त्यात दोन बायका आणि एक आजोबा, एसटीनं निघालं तर स्वतःच्या गाडीतल्या पेट्रोलपेक्षाही कमी पैसे लागतात. रेल्वेचं मात्र आपल्या नशिबात तुकड्या-तुकड्यानं आलं. जालन्याहून मुंबईची वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडहून सुटू लागली. बीडला पहिली प्रवासी गाडी दिसायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तीही अहिल्यानगरपर्यंतच. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात राहणाऱ्याला स्वतःच्या गाडीवाचून फार अडत नाही. आष्टी-पाटोद्याकडं, भूम-परंड्याकडं अडतं.

अडतं ते मुख्यतः संध्याकाळनंतर. मुक्कामी गाडी गावात आली की सकाळपर्यंत दुसरं साधन नाही. काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही आणि अंधार पडल्यावर मिळत नाही. रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर १०८ ला फोन लावायचा, तोवर गावातल्या ज्याच्याकडे गाडी आहे त्याचं दार वाजवायचं. हा मुद्दा पैशात मोजता येत नाही, आणि गाडी घ्यायच्या बाजूनं माझ्या मते हाच सर्वांत वजनदार आहे.

दुसरा मुद्दा जिवाचा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक टू-व्हीलरवरची. बायको, लेकरू आणि मध्ये पिशवी असं तिघं रात्री हायवेनं शंभर किलोमीटर जाणार असाल, तर ‘टू-व्हीलरवर भागतं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. समृद्धीवर तर टू-व्हीलरला मनाईच आहे. जालना किंवा संभाजीनगरहून वारंवार मुंबई-नागपूर करणाऱ्यासाठी त्या रस्त्यानं गाडीची उपयुक्तता खरोखर वाढवली, पण टोल हिशेबात धरा: ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांचा आहे, समृद्धी राज्याचा असल्यानं तिथं तो चालत नाही.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. जीएसटी ५ टक्के आणि रोजचा खर्च नगण्य, त्यामुळे संभाजीनगरात स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचं मीटर असलेल्याला ती छान. गावातल्या विजेच्या भरवशावर ती पहिली आणि एकमेव गाडी म्हणून घेऊ नये.

लग्नाचं काय?

हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही, पण निम्म्या गाड्यांच्या मागं तो असतो. ‘पोरगा पुण्याला आहे, फोरव्हीलर आहे’ असं स्थळ सांगताना म्हणता यावं म्हणून वडील घाई करतात. मग गाडी हिंजवडीच्या सोसायटीत आठवडाभर धूळ खाते. पार्किंगचं भाडं वेगळं. माझं निरीक्षण असं की आता मुलीकडचे नोकरी कायम आहे का आणि पुण्यात राहायची सोय काय, हे आधी विचारतात. तेच आठ लाख फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला लावलेला मुलगा त्यांना जास्त पसंत पडतो. आणि सासऱ्याकडून गाडी ‘येणार’ असेल, तर तो हुंडाच आहे आणि १९६१ पासून गुन्हा आहे.

माझा कौल

पुण्या-मुंबईत नोकरी, घरी आई-वडील: स्वतःजवळ गाडी ठेवू नका. संभाजीनगर किंवा नांदेड शहरात राहून तिथंच कामाला जाणारे: पाच वर्षं थांबा, टू-व्हीलर आणि पिवळ्या पाटीवर भागतं. लहान लेकरू झालं, नोकरी कायम आहे आणि हप्ता पगाराच्या सहाव्या हिश्श्यात बसतो: नवी घ्या, लहान घ्या. तालुक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आतल्या गावात म्हातारी माणसं असतील, तर तिसरी वाट, म्हणजे तीन-साडेतीन लाखांची जुनी गाडी, रोखीनं, आणि ती गावातच.

या तिसऱ्या वाटेत फसगत जास्त होते. आरसी बुकावर फायनान्सचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका. थकलेले ई-चलान ऑनलाइन बघता येतात. ते विकणाऱ्यानं भरायचे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आलेली गाडी घेऊ नका, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लगेच मागं लागतो. पुरात बुडालेल्या गाड्या पॉलिश करून बाजारात येतात, म्हणून सीटखालचं मॅट उचलून गंज आणि वास तपासा, आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. थर्ड पार्टी विमा हजार ते दीड हजार सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये अधिक कर इतकाच आहे, तो चुकवू नका.

राहिला चालवायचा प्रश्न. वडिलांना येत नसेल तर गावातलाच एखादा लायसन्स असलेला विश्वासू पोरगा आधी ठरवा, फेरीमागं त्याला किती द्यायचे तेही ठरवा. दोघे भाऊ मिळून पैसे घालणार असाल तर गाडी कोणाच्या नावावर, विमा आणि टायर कोणाकडे, पेट्रोल नेणाऱ्यानं भरायचं का, हे विसार द्यायच्या आधी बायकांसमोर बसून बोलून घ्या.