ओबीडी डोंगल बरेच महिने वापरल्यावर: गाडीच्या ॲव्हरेजमध्ये खरंच फरक पडला का?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स), म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासयंत्रणेचं सॉकेट. गाडी सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक आपला स्कॅनर तिथेच लावतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं. मूळ हेतू प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा. काडेपेटीएवढं ब्लूटूथ डोंगल त्यात खुपसायचं, फोनवर ॲप टाकायचं, की इंजिन या क्षणाला किती पेट्रोल पितंय ते आकड्यात दिसायला लागतं. माझी गाडी साधीच आहे, पेट्रोल, पाच गिअरची, मॅन्युअल. आधी लिटरला १५ च्या घरात ॲव्हरेज मिळायचं, आता १७ च्या वर टिकून आहे. रस्ते तेच, गाडी तीच, चालवणारा मीच.

याच सॉकेटमध्ये लावायची ‘फ्युएल सेव्हर’ नावाची डबडीही विकली जातात, त्यांच्याशी याची गल्लत करू नका. ती लावली की आपोआप बचत होते म्हणे. लोकांनी उघडून पाहिली तर आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारं सर्किट, बाकी शून्य. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं आणि मिश्रणं अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, वर्षानुवर्षं तपासली. लक्षणीय बचत करून देणारं त्यात एकही निघालं नाही. मी लावलेलं डोंगलही स्वतःहून थेंबभर पेट्रोल वाचवत नाही. ते फक्त दाखवतं. वाचवायचं काम पायाचं.

पहिल्या आठवड्यात आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ॲप पेट्रोल मोजत नाही, हवा मोजतं. इंजिनात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा जातेय हे सेन्सर सांगतो. पेट्रोल इंजिन एरवी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण धरून चालतं, त्यामुळे भागाकार करून पेट्रोल काढता येतं. काही गाड्यांत हवेच्या वजनाचा सेन्सरच नसतो. तिथे ॲप दाब आणि तापमानावरून अंदाज बांधतं, आणि तो अंदाज आणखी सैल असतो. डिझेलमध्ये हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते, म्हणून हे गणित तिथे जवळजवळ निकामी. डिझेलवाल्यांनी या भानगडीत पडण्याआधी दोनदा विचार करावा.

यावर उपाय जुनाच आहे. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि भागाकार करा. शक्यतो त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून थांबेल तिथेच थांबायचं, वरून आणखी थोडं घालायचं नाही. माझं ॲप सुरुवातीला खऱ्या खर्चापेक्षा बरंच कमी पेट्रोल दाखवत होतं. दोन-तीन टाक्यांची तुलना करून दुरुस्तीचा आकडा भरला, मग दोन्ही हिशेब जुळायला लागले. गाडीच्या डॅशबोर्डवरचं ॲव्हरेजही असंच एकदा तपासून बघा. पुष्कळ गाड्या स्वतःचं कौतुक जरा जास्तच करतात.

आता न्यूट्रलचा विषय. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं, हे आपण सगळ्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. मी हे मुद्दाम एकाच उतारावर दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण उचललेला, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास. स्क्रीनवर तरीही तासाला लिटरभर खर्च दिसत होता. हे काही पटेना. मग कळलं की हवा तर चालूच असते, आणि ॲप बिचारं हवेवरूनच हिशेब करतंय. सेटिंगमध्ये एक पर्याय सापडला: पाय उचलल्यावर इंधन बंद धरायचं. खात्रीसाठी इंधन यंत्रणेची स्थिती दाखवणारा वेगळा रकाना लावला. पाय उचलल्यावर क्षणभरातच तिथे ‘वेग कमी होत असल्याने इंधन बंद’ अशा अर्थाची नोंद आली. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चक्क बंद होते, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत होतं. आरपीएम बाराशेच्या आसपास उतरले तशी नोंद बदलली आणि इंजेक्टर पुन्हा चालू. न्यूट्रलमध्ये मात्र उताराच्या टोकापर्यंत आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहिलं, वर इंजिनाचा ब्रेकही हातचा गेला. उतारावर न्यूट्रल हा धोकाही आणि तोटाही.

माझ्या हाती सगळ्यात जास्त लागलं ते ब्रेकच्या बाबतीत. एक टन वजनाची गाडी थांबलेली असताना ताशी ६० पर्यंत न्यायची, तर नुसता तो वेग देण्यातच साधारण १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल जातं. म्हणजे एक मोठा चमचाभर. पुढे सिग्नलला करकचून ब्रेक लावला की तो चमचा ब्रेक डिस्कच्या उष्णतेत गेला. शहरात दिवसभरात असे किती चमचे जातात ते ज्याने त्याने मोजावं. मी मोजायला लागलो तेव्हा पायाला आपोआप अक्कल आली. लांबवर लाल दिवा दिसला की तिथूनच पाय काढायचा, गिअर तसाच ठेवायचा, गाडी स्वतःहून हळू होऊ द्यायची. बऱ्याचदा पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि गाडी पूर्ण थांबवावीच लागत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की हे जमतं. ती क्षणभर ब्रेक लावते तेव्हा आपला पाय नुसता उचलला जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

याउलट मुंगीच्या पावलांनी वेग वाढवण्यात काही हशील नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तासाला वीस लिटरचा आकडा दिसतो आणि छाती दडपते, हे खरं. पण मध्यम दाबून, दोन-सव्वादोन हजार आरपीएमला गिअर बदलत लवकर वरच्या गिअरला पोहोचणं, हे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळण्यापेक्षा माझ्या गाडीत तरी स्वस्त पडलं. ताशी ५० ला तिसरा आणि पाचवा गिअर आलटून पालटून टाकून बघा. आकड्यांतला फरक नजरेत भरतो. फक्त इंजिन धडधडायला लागेल इतक्या वरच्या गिअरला नेऊ नका.

महामार्गावर सगळा खेळ हवेचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरचं घर्षण तेवढं वाढत नाही म्हणून एकूण खर्च त्या प्रमाणात चढत नाही, पण माझ्या स्क्रीनवर ८० ला लिटरमागे २० दिसत होते तिथे १०० ला १७ सुद्धा मुश्किलीने. बदल्यात पन्नास किलोमीटरवर साडेसात मिनिटं वाचतात. घाई असेल तर जरूर जा, पण भाव माहीत असावा. टपावरचं रिकामं कॅरिअर मी याच कारणाने उतरवून ठेवलं.

एसीचा बागुलबुवा उगाच केला जातो. उभ्या गाडीत आणि कोंडीत तो जाणवतो, आयडलिंगचा खर्च कॉम्प्रेसर चालू झाला की लगेच चढतो. सुसाट रस्त्यावर फरक असतो, पण घामाघूम होण्याइतका नाही. लांबच्या थांब्याला मात्र इंजिन बंद करा. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणं इंधनाच्या हिशेबाने परवडतं, असं अमेरिकेतल्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीने मोजून दाखवलंय. भर रहदारीत हे करत बसू नये.

टायरची हवा हे डोंगल सांगत नाही, ती स्वतःच बघावी लागते. चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के उतरतं. ऐकायला किरकोळ, पण महिनोन्महिने दुर्लक्ष झालं की सात-आठ पीएसआय सहज कमी निघतात, आणि टायर झिजतात ते वेगळंच. हवा टायर थंड असताना बघायची, आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्यायचा, टायरवर छापलेला नाही. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे मात्र आताच्या पेट्रोल गाड्यांना लागू नाही. अमेरिकेतल्याच ओक रिज प्रयोगशाळेच्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मंदावला, ॲव्हरेज जवळपास तसंच राहिलं. इंजिनासाठी फिल्टर वेळेवर बदलाच, बचतीच्या आशेने नको.

तक्रारीही आहेत. आधी घेतलेलं स्वस्तातलं डोंगल दर थोड्या वेळाने ब्लूटूथ सोडायचं आणि अर्धे सेन्सर वाचायचंच नाही. ते फेकलं, दुसरं जरा बरं घेतलं. गाडी बंद असतानाही ते बॅटरी खात राहतं, म्हणून आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवतो. उतरताना गुडघा लागतो, तो वेगळाच ताप. आणि स्क्रीनची चटक लागते. ‘अरे, पुढे बघ ना, गाडी चालवतोयस की गेम खेळतोयस?’ हे शेजारच्या सीटवरून ऐकून घेतलंय, आणि ते बरोबरच होतं. आता फोन खिशात राहतो, ॲप मागे नोंद करत राहतं, घरी पोहोचल्यावर आलेख बघतो.

पाचपैकी साडेतीन तारे. पेट्रोल गाडी, रोजचा शहरातला प्रवास आणि आकड्यांची थोडी आवड असेल तर घ्या. महिन्यातून दोनदाच गाडी बाहेर निघत असेल तर टाकी फुल्ल ते फुल्लचा हिशेब आणि हवा मोजायचा गेज एवढं पुरेसं आहे. ओळखीत कुणाकडे डोंगल असेल तर दोन-तीन महिन्यांसाठी मागून घ्या. पायाला सवय लागली की त्याची रोज गरज उरत नाही. माझं सध्या मित्राच्या गाडीत आहे.