क्रोमचे पैसे घेतले आणि मारला स्प्रे

मामा फौजेत होते. गेल्या वर्षी त्यांनी आपला जुना पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू भोकाकडे ढकलायची काठी, मला दिला. पिंग कंपनीचा 'अ‍ॅन्सर', मँगनीज ब्राँझचा, काळा पडलेला, ग्रिप फाटलेली. सोलापुरात गोल्फबद्दल विचारायचं कुणाला? मी गच्चीत चादर अंथरून चेंडू ढकलतो, शेजारचे आजोबा हसतात, एवढंच आमचं गोल्फ.

ग्रिप बदलून, साबणाच्या पाण्याने पुसून भागलं असतं. पण मला चकचकीत हवा होता. अक्कलकोट रोडला एका पॉलिशवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "साहेब, हा काळेपणा आतून खातोय. निकेल आणि वर क्रोम चढवू, नाहीतर वर्षात भोकं पडतील." थाप! ब्राँझ लोखंडासारखं गंजत नाही. देवघरातली समई काळी पडते तसाच तो वरचा थर. घरात समई असून मला हे सुचू नये? साडेतीन हजार ठरले, दोन हजार आधी दिले. बिल मागितलं तर, "काम झाल्यावर की."

आठ दिवसांनी आरशासारखा पटर हातात आला. पंधरा दिवसांत कडेला पोपडा धरला. नखाने ओढला तर पापुद्राच निघाला. क्रोम कुठे नखाने निघतं? चंदेरी स्प्रे मारून वर लॅकर दिलं होतं.

पैसे गेले तर गेले. पण स्प्रे मारण्याआधी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, इतका घासला होता की तळावरची अक्षरं गेली. पिंगच्या कार्स्टन सोल्हाइमने १९६६ मध्ये हा पटर काढला. 'Answer' हे नाव पटरवर मावेना, तेव्हा बायकोच्या सांगण्यावरून डब्ल्यू गाळून 'Anser' केलं. सुरुवातीच्या पटरांवर अमेरिकेतल्या स्कॉट्सडेल गावाचं नाव असे, नंतर फिनिक्सचं आलं. संग्राहक त्या 'स्कॉट्सडेल'साठी जादा पैसे मोजतात. माझ्या पटरवर तेच होतं. हे सगळं मी वाचलं कधी, तर पोपडा निघाल्यावर.

पटरच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, स्टीलची पट्टी उभी धरली, तर दोन्ही कडांना फटीतून उजेड दिसतो. कडा घासून गोल झाल्यात.

परत गेलो. "अक्षरं आधीच पुसट होती," म्हणाला. नशिबाने जुना फोटो मोबाइलमध्ये होता, अक्षरं स्वच्छ. तो दाखवला तर म्हणे, "ही दुसरी काठी असेल." कुणी असं काम देणार असाल, तर फोटो त्याच्यासमोर काढा, कोणता मुलामा ते कागदावर लिहून घ्या, आणि बफ लावू नको म्हणून बजावा.

मामांचा फोन येतो, "झाला का रे पटर?" मी सांगतो, ग्रिप मिळायचीय.