गेमिंग हेडसेटचं साउंड सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यानंतर

हेडसेटबद्दल आधी थोडक्यात सांगतो. वायरलेस आहे, डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालतो, कानांना जड होत नाही, बॅटरीची तक्रार नाही. खरं लिहायचंय ते त्याच्यासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: त्यातली निम्मी बटणं बंद ठेवली तरच हा हेडसेट चांगला वाजतो.

सगळ्यात जास्त गोंधळ सराउंडचा, म्हणजे चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास देणाऱ्या सोयीचा. बॉक्सवर ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर) लिहिलेलं असलं तरी आत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर आहे. बाकी सगळी किमया सॉफ्टवेअरची. उजवीकडचा आवाज डाव्या कानात किंचित उशिरा आणि थोडा दबून पोचवायचा, डोकं आणि कानाच्या पाळीमुळे आवाजात पडणारा फरक हिशोबाने त्यात मिसळायचा, की मेंदूला दिशा जाणवते. याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटमध्ये ही सोय गेममध्येच दिलेली आहे. आता त्यावर हेडसेटचं सराउंड चालू आणि वर विंडोजचं स्पेशिअल साउंडही चालू असेल, तर एकाच आवाजावर तीन वेळा प्रक्रिया होते. मग पाऊल मागे वाजलं की पुढे, काही कळत नाही, आणि सगळंच बाथरूममध्ये बोलल्यासारखं घुमतं. तिघांपैकी एकच चालू ठेवा. ज्या गेममध्ये एचआरटीएफ आहे तिथे बाकीची दोन्ही बंद आणि साधा स्टिरिओ. कथाप्रधान गेम ७.१ चा आवाज बाहेर देत असेल, तर तिथे मात्र हेडसेटचं सराउंड खरंच मजा आणतं. गाण्यांना ते कधीच लावू नये.

इक्वलायझर, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय, दहा पट्ट्यांचा आहे. नेमबाजीच्या गेमसाठीचं तयार 'एफपीएस' प्रीसेट वरच्या पट्ट्या इतक्या चढवतं की थोड्या वेळात कान किटतात. मी ते सोडून स्वतःचं बनवलं. ६२ आणि १२५ हर्ट्झ साधारण ४ डेसिबल खाली, २ आणि ४ किलोहर्ट्झ जेमतेम २ डेसिबल वर, ८ किलोहर्ट्झ किंचित खाली. स्फोटांचा दणका खालच्या पट्ट्यांत असतो आणि तो बारीक आवाज गिळतो, म्हणून आधी तो उतरवायचा. बुटाचा टक, रीलोडची खटखट, दाराची कडी हे पुष्कळसं २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतं. आपला कानही तिथेच सगळ्यात तल्लख असतो, त्यामुळे थोडंसं वाढवलं तरी पुरतं.

इथे एक गोष्ट सॉफ्टवेअर कुठेच सांगत नाही. डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा ० डेसिबल असते. पट्टी वर केली आणि आवाज त्यापलीकडे गेला की लाटेचं टोक छाटलं जातं आणि ग्रेनेड फुटताना चरचर ऐकू येते. पट्टी जितकी वर, तितका प्रीअॅम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) खाली आणायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीअॅम्प नसेल, तर हवी ती पट्टी चढवण्याऐवजी बाकीच्या उतरवा, परिणाम तोच. इक्वलायझर एपीओ या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रीअॅम्प आहे आणि तो विंडोजवर जवळपास कुठल्याही हेडसेटला चालतो.

'लाउडनेस इक्वलायझेशन' पुष्कळ जण सुचवतात. लहान आवाज मोठे होतात हे खरं, पण दूरचा शत्रू आणि शेजारच्या खोलीतला शत्रू सारखेच ऐकू येतात. अंतराचा अंदाज हवा असेल तर ते बंदच बरं.

माइकचं थोडक्यात. नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट दाबणं) एकाच जागी ठेवा, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा डिस्कॉर्ड या कॉलच्या अॅपमध्ये. दोन्हीकडे लावलं की शब्दांची टोकं तुटतात. साइडटोन थोडा चालू असू द्या. स्वतःचा आवाज कानात आला की माणूस ओरडत नाही, घरच्यांची झोपही मोडत नाही. कॉल सुरू झाला की गेमचा आवाज एकदम बसत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधला कम्युनिकेशन्स टॅब उघडा. कॉल चालू असताना इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय तिथे मुळातच निवडलेला असतो. 'डू नथिंग' करा. आणि गेमसाठी ब्लूटूथ नको, डोंगलच लावा. नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाज मोनो होतो आणि त्यातला जीवच जातो.

माझी मोठी नाराजी अपडेटबद्दल. एका अपडेटनंतर बनवलेली सगळी प्रोफाइल्स गायब झाली. एवढ्या मेहनतीने जुळवलेल्या सेटिंग्ज अशा पुसल्या जाणं मला अजिबात पटलेलं नाही. आता प्रत्येक बदलानंतर प्रोफाइल एक्सपोर्ट करून ठेवतो आणि इक्वलायझर हेडसेटच्या मेमरीतही साठवतो. त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरला डोंगल लावला तरी तोच आवाज मिळतो, सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. सराउंडचं काम मात्र कॉम्प्युटरवरच होतं, त्यामुळे ते सोबत येत नाही.