१९६८ची शेव्हेल आणि नवा स्टिअरिंग बॉक्स : एका हंगामानंतरचा अनुभव

आमच्या १९६८च्या शेव्हेल मालिबूला (शेवरलेची जुनी अमेरिकन गाडी) १२.७:१ रेशोचा नवा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवला (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारी ही गिअरची पेटी; रेशोचा पहिला आकडा जितका लहान, तितकं स्टिअरिंग कमी फिरवावं लागतं, म्हणजे ते जलद) आणि मिशिगनमधला एक अख्खा हंगाम, एप्रिलअखेरीपासून पानगळीपर्यंत, गाडी भरपूर चालवली. पैसे वसूल झाले का? झाले. पण गाडीत जो बदल झाला त्यातला निम्मा बॉक्सने केला आणि निम्मा अलाइनमेंटने, म्हणजे पुढच्या चाकांचे कोन नीट जुळवण्याने. बॉक्स विकणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मूळ दुखणं. या गाडीला कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंग होतं : जनरल मोटर्सच्या (जीएम) सॅगिनॉ विभागाचा ८०० मालिकेतला बॉक्स, रेशो १७.५:१. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग जवळपास चार वेळा फिरवावं लागायचं, आणि ते इतकं हलकं की करंगळीने फिरेल. पार्किंगमध्ये हे सुखाचं वाटतं. पण ११५ किलोमीटरच्या वेगाने हायवेवर असताना चाकं नेमकी कुठे बघताहेत हे हाताला कळतच नाही. सरळ रस्त्यावरही सारखी डावी-उजवी दुरुस्ती करत राहायची, आणि तासाभरात खांदे भरून यायचे. मी नाशिकला पद्मिनीवर गाडी शिकले. तिचं स्टिअरिंग जागेवर वळवताना दंड दुखायचे, पण रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा हाताला कळायचा. शेव्हेलमध्ये ३२७ घन इंचांचं दमदार इंजिन आणि पुढची चाकं कुठे आहेत याचा पत्ता नाही, हे मला कधीच पटलं नाही.

यात बिघाड असा नव्हता. त्या काळात पॉवर स्टिअरिंग विकलंच जायचं हलकेपणावर. १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियलमध्ये ते पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणलं तेव्हापासून ‘किती कमी जोर लागतो’ हीच जाहिरात होती, आणि साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या त्याच मापाने बनल्या.

हलकेपणा कुठून येतो हे समजून घेतलं की बॉक्स निवडणं सोपं जातं. बॉक्सच्या आत, स्टिअरिंगकडून येणाऱ्या दांड्याच्या पोटात, पोलादाची एक बारीक सळई असते : टॉर्शन बार. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा चाकं लगेच वळत नाहीत, टायर रस्त्याला धरून असतो. तेवढ्यात ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे भोवतीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाकडून आलेलं तेल पिस्टनच्या एका बाजूला ढकललं जातं. सळई बारीक असेल तर जरासा हात लावला तरी व्हॉल्व्ह सताड उघडतो आणि सगळं काम तेलच करतं, हाताला काही उरत नाही. सळई जाड असेल तर आधी थोडा जोर तुम्हाला लावावा लागतो, मग मदत येते. रेशोचा आकडा सगळे विचारतात, सळईबद्दल फार थोडे. माझ्या मते ‘फील’ म्हणतात तो निम्म्याहून जास्त या सळईत आहे.

पर्याय बरेच पाहिले. जंकयार्डमधून १९९० च्या दशकातल्या जीप ग्रँड चेरोकीचा बॉक्स आणणं हा इथला जुना, स्वस्त आणि खरोखर चांगला मार्ग. तीन बोल्टवर बसतो, रेशोही जलद असतो. कमॅरो आयरॉक-झेडचे बॉक्सही लोक बसवतात, पण त्यांच्या आतल्या स्टॉपमुळे शेव्हेलची चाकं पूर्ण वळत नाहीत आणि यू-टर्नला जागा जास्त लागते. रॅक-अँड-पिनियनचा (बॉक्सऐवजी दातेरी पट्टीने चाकं वळवणारी रचना) किट महाग, आणि इंजिनखालच्या जागेशी भांडण. स्टिअरिंग कॉलममध्ये बसणारी इलेक्ट्रिक मोटर मला या गाडीत नकोच होती.

पहिल्यांदा एका दुकानातून ‘रिबिल्ट’ बॉक्स घेतला, त्याबद्दल सांगायलाच हवं. बाहेरून काळाभोर रंग, बघत राहावं असा. बेंचवर हाताने फिरवला तर बरोबर मध्यावर अडकायचा. बॉक्सच्या झाकणावर सेक्टर शाफ्टचा (बॉक्समधून खाली बाहेर येणारा दांडा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढण्यासाठी एक स्क्रू असतो. आतली झीज लपवण्यासाठी तोच करकचून आवळला होता. असा बॉक्स वळणानंतर स्टिअरिंग सोडलं की मध्यावर परत येत नाही, आणि आतले दात झिजतात ते वेगळंच. परत पाठवला. तुम्ही रिबिल्ट घेणार असाल तर गाडीत बसवण्याआधी हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर अगदी हलका, सारखा ताण जाणवायला हवा. गचका नको.

मग नवा बनवलेला, डेल्फी ६०० जातीचा बॉक्स घेतला. जुन्यापेक्षा आकाराने लहान, उचलायलाही हलका, आणि सळई जुन्यापेक्षा कडक. साधारण ६०० डॉलर.

बसवायला मी आणि माझे दीर, दोघांनी मिळून घरच्या गॅरेजमध्ये केलं. सगळ्यात जास्त घाम पिटमन आर्मने, म्हणजे बॉक्सचं वळण चाकांच्या दांड्यांकडे नेणाऱ्या हाताने, काढला. पन्नास वर्षं त्या खाचांवर घट्ट बसलेला तो लोखंडी हात योग्य पुलरशिवाय हलत नाही. हातोडीने ठोकायचा मोह होतो, पण करू नका. १९६७पासून जीएमच्या गाड्यांचा स्टिअरिंग कॉलम अपघातात आत दबेल असा बनवलेला आहे आणि त्याच्या आत प्लास्टिकच्या छोट्या पिना असतात. बॉक्सच्या किंवा शाफ्टच्या तोंडावर घाव घातला तर त्या तुटतात आणि कॉलम आयुष्यभर खडखडतो. बॉक्स आणि कॉलम जोडणारा रबरी तबकडीचा सांधा, रॅग जॉइंट, नव्या खाचांच्या मापाचा वेगळा घ्यावा लागला. जुन्या होजची टोकं फ्लेअरची आणि नव्या बॉक्सला ओ-रिंगची बैठक, म्हणून तिथे ॲडॉप्टर. पिटमन आर्मचा नट १८५ फूट-पौंडांना आवळायचा असतो, तेवढा लांब टॉर्क पाना शेजाऱ्यांकडून आणला.

हवा काढताना घाई नको. पुढची दोन्ही चाकं जॅकस्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकाला, त्या टोकाला. टाकीतल्या तेलावरचा फेस बसेपर्यंत हेच करत राहायचं. इंजिन आधीच सुरू केलं तर पंप ती हवा तेलात घुसळतो आणि पुढे किती दिवस कण्हत राहतो.

आता मुख्य गोष्ट. बॉक्स बसवून गाडी बाहेर काढली तेव्हा शहरात छान वाटली आणि हायवेवर भीती वाटली. स्टिअरिंग जलद झालं होतं, त्यामुळे जरा हात हलला की गाडी लेनच्या कडेला जायची, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मागे येत नव्हतं. दोष बॉक्सचा नव्हता, कॅस्टरचा होता. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल; तो मागे असला की चाक स्वतःहून सरळ होतं. साठच्या दशकातल्या मॅन्युअलमधले आकडे बायस-प्लाय (आजच्या रेडियलच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी आहेत. त्यात शेव्हेलचा कॅस्टर शून्याच्या आसपास, किंचित ऋणसुद्धा आहे, म्हणजे चाकाला स्वतःहून सरळ व्हायची ओढच नाही. मूळ मंद बॉक्समध्ये ही उणीव झाकली जायची, जलद बॉक्सने ती उघडी पाडली.

शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) पुढच्या बोल्टवरून मागच्या बोल्टवर नेऊन थोडा कॅस्टर वाढवता येतो, पण मूळ अप्पर आर्मवर (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा हात) त्याला मर्यादा आहे. मागे शिमांची थप्पी वाढत जाते आणि कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल) हाताबाहेर जातो. म्हणून बॉल जॉइंट मागे सरकवलेले नवे अप्पर आर्म घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली : कॅस्टर अधिक ४.५ अंश, कॅम्बर उणे अर्धा अंश, टो-इन (दोन्ही चाकांची पुढची टोकं किंचित आत) एक अष्टमांश इंच. त्या दिवशी परत येताना गाडी वेगळीच होती. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग तळहातातून घरंगळत मध्यावर येतं, आणि कडक सळईमुळे टायरवर किती भार आहे हे हाताला कळतं.

अलाइनमेंटवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा : स्टिअरिंग वाकडं दिसलं तर ते काढून फिरवून लावू नका, टाय-रॉडच्या (चाकांना वळवणारे दांडे) लांबी बदलणाऱ्या स्लीव्हने सरळ करा. बॉक्सचे दात मध्यावर सर्वांत घट्ट बसतात. गाडी सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल तर नवा बॉक्ससुद्धा जुन्यासारखा प्ले दाखवतो.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठं सुख डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर. तिथे चौकात थेट डावीकडे वळता येत नाही. पुढे जाऊन दुभाजकातल्या फटीतून यू-टर्न घ्यायचा, याला इथे मिशिगन लेफ्ट म्हणतात. पूर्वी त्या फटीत माझे हात एकमेकांवरून चढत-उतरत असायचे. आता हाताची पकड एकदा बदलली की वळण पूर्ण. ऑगस्टमधल्या ड्रीम क्रूझला (याच रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मिरवणूक) तासन्‌तास मुंगीच्या पावलाने गाडी चालवली, तेव्हा मात्र दोन गोष्टी लक्षात आल्या. आयडलवर स्टिअरिंग टोकाला नेलं की इंजिन दचकतं, त्यासाठी आयडल थोडा वाढवावा लागला. आणि उन्हात तेल चांगलंच तापतं, पुढच्या वर्षी रिटर्न होजमध्ये छोटा कूलर टाकणार आहे.

लांबचा कस सॅगिनॉच्या वाटेवर लागला. ज्या गावात या गाडीचा मूळ बॉक्स बनला त्या गावाशेजारी आय-७५ हायवे झिलवॉकीच्या उंच पुलावरून नदी ओलांडतो, आणि वर आडवा वारा असतो. जुन्या बॉक्सवर तिथे मी दोन्ही हात आवळून बसायचे. या वेळी दीर चालवत होते. वारा लागला, गाडी जराशी सरकली, त्यांनी नकळत सावरली. पूल उतरल्यावर म्हणाले, “वहिनी, आता हिला धरून बसावं लागत नाही.”

तक्रारी आहेत. थंड सकाळी पहिली काही मिनिटं पंप बारीक कण्हतो, पंप मूळचाच ठेवला आहे म्हणून असेल. प्रेशर होजच्या ॲडॉप्टरपाशी जुलैत ओल दिसली, ओ-रिंग बदलल्यावर थांबली. पार्किंगमध्ये पूर्वीपेक्षा थोडा जास्त जोर लागतो. मला तो हवाच आहे, पण माझ्या सासूबाईंनी एकदा चालवून “जड केलीस गं” असं सांगितलं. ज्यांना करंगळीचं स्टिअरिंग आवडतं त्यांनी हा बॉक्स घेऊ नये. ज्यांच्या गाडीचे रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय-रॉड झिजलेले आहेत त्यांनी आधी ते बदलावेत, कारण तिथला प्ले कुठलाही बॉक्स काढू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर बॉक्स, रॅग जॉइंट, ॲडॉप्टर, अप्पर आर्म आणि अलाइनमेंट मिळून बॉक्सच्या किमतीच्या दुपटीच्या पुढे गेलं. हातात बेताचे पैसे असतील तर आधी आर्म आणि अलाइनमेंट करा आणि जुन्याच बॉक्सवर काही महिने चालवा. कदाचित तेवढ्यानेच समाधान होईल. आणि मूळ बॉक्स मोडीत देऊ नका. गाडी कधी विकायची झाली तर मूळ भाग मागणारे खूप भेटतात. तेलाची भोकं बुच लावून बंद करा, कापडात गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवून द्या.