बोचियाचा संच: रॅम्प धरूनच मागवा

करमणुकीचा निधी आला की आमच्या सरकारी निवासी संस्थेत पहिलं नाव टीव्हीचं निघतं. एकदा डेडस्टॉकला, म्हणजे कायम सामानाच्या नोंदवहीत, चढवला की हिशेब मिटतो, शिवाय तो चालवायला माणूस लागत नाही. या वेळी मी, इथली व्यवसायोपचारक (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), हट्टाने बोचिया या दिव्यांगांच्या चेंडूफेकीच्या खेळाचा संच घ्यायला लावला. प्रस्तावाला दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र कराराचं कलम ३० जोडलं. खेळ आणि विरंगुळा त्यात हक्क म्हणून येतात, ‘पैसे उरले तर बघू’ म्हणून नाही.

संचात सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू. आधी पांढरा टाकायचा, मग आपले चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेला खेळ, पण समजायला सोपा. चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा, आत दाणे भरलेले. त्यामुळे अधू हातातही नीट बसतो. मऊच मागवा. कडक चेंडू आमच्या गुळगुळीत फरशीवर कुठल्या कुठे जातात.

ज्यांना फेकता येत नाही ते रॅम्पवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, चेंडू सोडतात. रॅम्प हलवायला मदतनीस असतो, पण नियमाने त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचंच नाही. डावीकडे, अजून जरा, बस्स – हुकूम खेळाडूचा. उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवे कधी घालवायचे, हे सगळं ज्यांच्यासाठी दुसरे ठरवतात त्यांना हे किती आवडतं म्हणून सांगू! आमच्या एक अबोल मावशी मदतनिसाने मान जराशी वळवली तरी दरडावतात.

तक्रार आहे ती याच रॅम्पची. तो संचात येत नाही आणि विक्रेत्याने ते तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. वेगळा मागवायला गेलो तर तो ‘क्रीडासाहित्य’ की ‘सहायक उपकरण’, यावर फाइल अडकली. सध्या उभा चिरलेला पीव्हीसी पाइप वापरतो, काम भागतं. पिशवीची चेन अगदीच सुमार.

पाचपैकी चार. मागवणाऱ्यांनी प्रस्तावात मदतनिसाचे तासही लिहावेत, तेही दरवर्षीच्या खर्चात. आम्ही ते लिहिले नव्हते, म्हणून सुटीच्या दिवशी संच कपाटात आणि माणसं टीव्हीपुढे.